घोडी समाधानी आहे का? शहादा तालुक्यातील एका पागेचे परीक्षण

शहादा तालुक्यात तापीच्या काठापासून थोड्या अंतरावर असलेल्या एका पागेत माझी मारवाडी घोडी गेल्या पावसाळ्यापासून महिनेवारी शुल्कावर ठेवलेली आहे. पागेत ठाणी, म्हणजे घोडे बांधायच्या जागा, मोजकीच असून ती सध्या भरलेली आहेत, आणि नाव प्रसिद्ध झाल्यास चौकशीचे फोन आवरणार नाहीत असे मालकांचे म्हणणे असल्याने नाव न देता हे परीक्षण लिहीत आहे. तरीही ते लिहावेसे वाटते, कारण सारंगखेड्याच्या यात्रेतून हौसेने घोडा घेणारी आणि घरी जागा नसल्याने तो दुसऱ्याच्या तबेल्यात सांभाळायला देणारी कुटुंबे खानदेशात गावोगावी आहेत, आणि अशी जागा पारखताना आपली नजर बहुधा फरशी, खुराक आणि जनावराच्या अंगावरची चकाकी यांपलीकडे जात नाही.

या तीन गोष्टींत पागा उत्तम आहे, एवढे सांगून पुढे जाता येईल. ठाणी सकाळ-संध्याकाळ झाडली जातात, लीद साचू दिली जात नाही, पाण्याची टाकी घासलेली असते. खुराकात जव, भिजवलेला हरभरा व गव्हाचा कोंडा आणि चाऱ्यात लसूणघास, ज्वारीचा कडबा व भुईमुगाचा पाला असतो. शुल्कात खुराक, खरारा (अंग घासून साफ करणे) आणि रोजचा फेरफटका धरलेला आहे. नालबंदी, जंताचे औषध आणि लस यांचे पैसे वेगळे द्यावे लागतात, आणि त्यांच्या पावत्या मिळतात.

परंतु पोट भरलेला, नाल ठोकलेला आणि निरोगी घोडाही दिवसभर कंटाळलेला किंवा धास्तावलेला असू शकतो. प्राणिकल्याणाच्या विचारातही हा मुद्दा उशिराच पुढे आला. ब्रिटनमध्ये १९६५ साली ब्रॅम्बेल समितीचा अहवाल आला आणि त्यातून पुढे प्राण्यांची ‘पाच स्वातंत्र्ये’ मांडली गेली; त्यांचा मुख्य भर भूक, तहान, वेदना, भीती अशा त्रासांपासून सुटका करण्यावर होता. १९९४ मध्ये न्यूझीलंडमधील डेव्हिड मेलर आणि रीड यांनी ‘पाच क्षेत्रां’ची मांडणी केली, तीत आहार, परिसर, आरोग्य आणि वर्तन यांच्या जोडीला मनःस्थितीला स्वतंत्र जागा मिळाली. या मांडणीत नंतर झालेल्या सुधारणांमुळे त्रास नसणे एवढ्यावर न थांबता प्राण्याला सुखाचे अनुभव मिळतात का, हेही तपासले जाऊ लागले. या पागेकडे मी त्याच नजरेने पाहिले आहे: इथे घोड्याला सुख वाटते का, आणि वाटत असेल तर ते कशावरून ओळखायचे.

आपल्याकडे घोडा खूश असल्याची म्हणून जी खूण दाखवली जाते, ती अनेकदा केवळ उत्तेजनेची असते. वरातीत किंवा यात्रेच्या मैदानावर मान ताठ उभारलेली, डोळे विस्फारलेले आणि जागच्या जागी पाय आपटणारी घोडी पाहून आपण ‘काय तेज आहे’ म्हणतो, आणि ढोल-ताशाच्या आवाजात ती नाचते म्हणजे तिला ते आवडते असे गृहीत धरतो. उत्तेजना आणि सुख या दोन वेगळ्या बाबी आहेत. घोडा आनंदाने उत्तेजित होतो तसा भीतीनेही होतो. उलट शांत उभा असलेला घोडा समाधानी असेल, तसाच तो खचून जाऊन भोवतालाला प्रतिसाद देणे सोडून बसलेलाही असेल. हा फरक चेहऱ्यावर, मानेच्या उंचीत, आवाजात आणि सोबत्यांशी वागण्यात दिसतो, आणि तो पाहायला शिकता येते. ब्रिटनच्या ससेक्स विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये घोड्याच्या चेहऱ्याच्या स्नायूंवर आधारित अशी एक सूची प्रसिद्ध केली, तिच्यात १७ वेगवेगळ्या हालचाली नोंदवलेल्या आहेत. ज्या जनावराच्या तोंडाकडे आपण दात मोजण्यापुरते पाहतो, त्याच्या चेहऱ्यावर एवढे काही घडत असते.

या पागेतील सर्वांत चांगली गोष्ट म्हणजे इथला खरारा, आणि त्याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे. फ्रान्समध्ये लेआ लान्साद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. घोड्यांच्या एका गटाला त्यांची पसंती पाहत पाहत, म्हणजे जिथे आवडते तिथे अधिक आणि जिथे नको तिथे कमी, असे खाजवले व घासले गेले. दुसऱ्या गटाला नेहमीच्या ठराविक पद्धतीने, घोड्याची प्रतिक्रिया लक्षात न घेता खरारा केला गेला. पहिल्या गटातील घोड्यांची मान मध्यम उंचीवर राहिली, डोळे अर्धवट मिटले आणि वरचा ओठ पुढे लांबला, कधी स्थिर तर कधी थरथरत. दुसऱ्या गटात मान खूप उंच, डोळे सताड उघडे आणि ओठ आवळलेले व वाकडे झालेले आढळले. काम तेच, वेळ तोच, पण एका पद्धतीत घोड्याला सुख होते आणि दुसऱ्यात तो ते सहन करत होता.

पागेतील मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे गृहस्थ, साठीच्या पुढचे आहेत आणि या प्रयोगाविषयी त्यांनी काही ऐकलेले असण्याचा संभव नाही, पण त्यांचा हात पहिल्या गटाच्या पद्धतीनेच चालतो. लोखंडी खरारा ते पाठ आणि मांड्यांच्या मांसल भागापुरता वापरतात. पोटाखाली, पायांच्या नळ्यांवर आणि तोंडावर मऊ ब्रश किंवा नुसता तळहात. या वेळी घोडी खुंटाला बांधलेली नसते, मोरकीचा दोर तिच्या पाठीवर टाकलेला असतो, म्हणजे नको वाटले तर तिला बाजूला होता येते. आयाळ संपते तिथल्या उंचवट्यावर त्यांची बोटे पोहोचली की तिची मान हळूहळू खाली येऊन पाठीच्या जरा वर स्थिरावते, कान बाजूंना सैल होतात, वरचा ओठ नाकपुडीच्या पुढे लांबतो आणि त्याचे टोक डावी-उजवीकडे फडफडू लागते. हात थांबला की ती मान वळवून त्यांच्या खांद्याला ओठ लावते. ते पुन्हा खाजवतात, आणि ती पुन्हा तशीच उभी राहते. जनावराला एखादी गोष्ट हवी आहे की ते ती चालवून घेत आहे, हे पाहण्याची याहून सोपी रीत नाही: थांबा, आणि ते पुन्हा मागते का ते पाहा.

आयाळीच्या बुडाशी असलेली ही जागाही अशीच निवडलेली नाही. घोडे एकमेकांना दातांनी खाजवतात तेव्हा हाच भाग अधिक पसंत करतात, आणि फ्रान्समधील कामार्ग जातीच्या घोड्यांवर १९९३ मध्ये झालेल्या अभ्यासात या जागी खाजवल्यावर हृदयाचे ठोके मंदावल्याचे आढळले होते. गळ्यावर थाप मारून शाबासकी देण्याची आपली सवय घोड्याच्या भाषेत बसत नाही. या पागेत मुलांनाही थापटण्याऐवजी इथे खाजवायला शिकवले जाते, हे मला फार आवडले.

मात्र अर्धवट मिटलेला डोळा पाहून लगेच निष्कर्ष काढू नये. वेदनेतही घोडा डोळे बारीक करतो. २०१४ मध्ये इटलीतील दल्ला कोस्ता आणि सहकाऱ्यांनी वेदना ओळखण्यासाठी चेहऱ्यावरची सहा लक्षणे निश्चित केली, त्यांत ताठ मागे वळलेले कान, आवळलेली पापणी, डोळ्यावरच्या भागातील ताण, जबड्याचे फुगून दिसणारे स्नायू, ओठ आवळल्याने वर आलेली हनुवटी आणि ताणलेल्या नाकपुड्या यांचा समावेश आहे. सुखाने मिटलेल्या डोळ्याभोवतीची कातडी सैल असते, खालचा ओठ मोकळा लोंबतो आणि जबड्याचा उंचवटा दिसेनासा होतो. डोळा, ओठ आणि जबडा तिन्ही एकाच बाजूने साक्ष देत असतील तरच विश्वास ठेवावा. उन्हाळ्यात आणखी एक काळजी घ्यावी लागते: जळगाव-धुळ्याकडे पारा ४२ अंशांच्या पुढे जातो त्या दिवसांत केवळ उष्म्याने नाकपुड्या फाकतात आणि घोडा मान टाकून उभा राहतो, तेव्हा दुपारी काढलेल्या अनुमानांना फारसा अर्थ नसतो.

मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांच्या बाबतीत कानांचा प्रश्नही वेगळा आहे. या जातींच्या कानांची टोके आत वळून एकमेकांना भिडतात, त्यामुळे नुसत्या टोकांकडे पाहिल्यास कान कायम सावधच वाटतात, आणि परदेशी घोड्यांची चित्रे पाहून शिकलेला माणूस इथे फसतो. कानाचे बूड आणि त्याची पोकळ बाजू कुठे वळली आहे, हे पाहिले म्हणजे पुरे होते. मोतद्दारांनी हे मला शब्दांत सांगितले नाही. ते घोडीच्या कपाळापाशी बोट नेऊन ‘इथून बघा, ताई’ एवढेच म्हणाले, आणि तेव्हापासून मला तिचे कान वाचता येतात.

दुसरी मोठी जमेची बाजू म्हणजे मोकळे सोडण्याची व्यवस्था. कडुनिंबाच्या झाडांखाली तारेचे कुंपण घातलेले एक विस्तीर्ण आवार आहे, आणि घोड्या व खच्ची केलेले घोडे पहाटे व सूर्यास्तानंतर तिथे एकत्र सोडले जातात. गवत फार नसते, उन्हाळ्यात तर नसतेच, पण कडबा जागोजाग पसरून ठेवलेला असल्याने त्यांना खात खात चालावे लागते. ठाण्यातून बाहेर पडल्यावर थोड्याच वेळात एकेक घोडा मान खाली घालून फुरफुरू लागतो. हा आवाज नाकातली धूळ काढण्यासाठीच असतो, असे पुष्कळ काळ मानले जात होते. फ्रान्समधील रेन विद्यापीठातील संशोधकांनी ४८ घोड्यांचे निरीक्षण करून २०१८ मध्ये दाखवले की घोडे बंद ठाण्यापेक्षा कुरणात अधिक फुरफुरतात, त्या वेळी कान बहुधा पुढे किंवा बाजूला असतात, आणि ज्यांचे एकंदर राहणीमान चांगले आहे असे घोडे अधिक वेळा फुरफुरतात. कडब्याच्या धुळीने येणारे फुरफुरणे वगळले तरी संध्याकाळी या आवारात तो आवाज सतत ऐकू येतो. मान उभारून, एका दिशेला टक लावून काढलेला छोटा, जोरदार फूत्कार मात्र याहून वेगळा असतो. तो धोक्याची सूचना असतो, आणि शेजारच्या उसाच्या शेतातून रानडुक्कर गेले की तोही ऐकायला मिळतो.

माझी घोडी तिथल्या एका वयस्क पांढऱ्या घोडीशी जुळलेली आहे. दोघी उलट दिशांना तोंड करून एकमेकींच्या मानेचे बूड खाजवतात, आणि एक आडवी झोपली की दुसरी जवळ उभी राहते. घोडा उभ्यानेही डुलकी घेतो, पण स्वप्नांची गाढ झोप त्याला आडवे झाल्याशिवाय मिळत नाही, आणि जिथे सुरक्षित वाटत नाही तिथे तो आडवा होत नाही. पहिल्या काही आठवड्यांत तिच्या कुशीवर माती लागलेली दिसत नसे. आता सकाळी रोज दिसते. मोतद्दारांचा अभिप्रायही तोच होता: ‘घोडी आते रमनी, ताई.’

जुन्या सारंगखेडेकर मालकांना एक गोष्ट पटवणे अवघड जाते, ती म्हणजे मोठ्या वयाचे घोडे खेळतात म्हणून ते सुखी आहेत असे लगेच समजू नये. शिंगराचे बागडणे हे निरोगीपणाचे लक्षण असते. प्रौढ घोड्यांत मात्र बराच वेळ कोंडून ठेवल्यानंतरही असा खेळ उसळतो आणि तो साचलेल्या ताणाचा निचरा असू शकतो, हे रेनमधील मार्टिन हाउसबर्गर यांच्या गटाने निदर्शनास आणले आहे. खुराकाच्या वेळी पाय आपटणे आणि खिंकाळणे यांबद्दलही हेच म्हणता येईल. मालकाला वाटते घोडे आपल्याला पाहून आनंदले, प्रत्यक्षात त्यात वाट पाहण्याचा वैतागही मिसळलेला असतो. इथे सकाळच्या खुराकापूर्वी होणारा गोंधळ मला त्यामुळेच खटकला, आणि त्याचे कारण शोधताना सेवेतील पहिला गंभीर दोष सापडला.

रात्रीचा चारा आठच्या सुमारास टाकला जातो आणि तो फार तर दहापर्यंत पुरतो. त्यानंतर पहाटेपर्यंत गव्हाण रिकामी असते. मोकळा घोडा दिवस-रात्र मिळून सुमारे १६ तास चरतो, त्याचे जठर शरीराच्या मानाने लहान असते आणि त्यात आम्ल सतत स्रवत राहते. पोट तासन्‌तास रिकामे राहिले तर जठरात व्रण होण्याचा धोका वाढतो, आणि मन गुंतवायला काही न उरल्याने गव्हाण चावण्यासारख्या सवयी लागतात. पागेच्या टोकाला राहणाऱ्या एका घोड्याची गव्हाणीची लाकडी कड पूर्ण झिजलेली आहे. इतक्या चांगल्या खुराकाचा खर्च करणाऱ्या जागेने रात्री दोन पेंढ्या कडबा वाचवावा, हे मला समजू शकले नाही.

दुसरा दोष वळू, म्हणजे खच्ची न केलेल्या, घोड्यांच्या बाबतीत आहे. ते अगाडी-पिछाडी, म्हणजे पुढून-मागून दोर, लावून वेगळ्या रांगेत बांधलेले असतात आणि एका वेळी एकालाच थोडा वेळ बाहेर काढले जाते. वळू घोड्यांना माद्यांच्या घोळक्यात सोडता येत नाही, हे मान्य आहे; पण शेजारच्या घोड्याला हुंगता येईल, त्याच्या मानेपर्यंत तोंड पोहोचेल अशी जाळीची भिंत उभारणे अवघड नाही. त्यांपैकी एक घोडा दुपारभर पुढचे पाय आळीपाळीने टेकत जागच्या जागी डोलत राहतो. ज्यांना वळू घोडा ठेवायचा आहे त्यांच्यासाठी मी या पागेची शिफारस करणार नाही.

तिसरा दोष रविवारचा आहे. त्या दिवशी मुलांच्या घोडेस्वारीसाठी बाहेरून रोजंदारीवर माणसे घेतली जातात, आणि आठवडाभर जो हळुवारपणा दिसतो तो त्या सकाळी नाहीसा होतो. जीन ठेवल्याबरोबर तंग, म्हणजे ते पोटाखालून बांधायचा पट्टा, एका दमात आवळला जातो. तेव्हा घोडीचे कान मागे जातात, ओठांचे कोपरे ताणले जातात आणि ती पोटाकडे मान वळवते. थोडा ढिला बांधून, चार पावले चालवून, मग हळूहळू आवळला तर तीच घोडी स्वस्थ उभी राहते, हे मी स्वतः करून दाखवले आहे. शिवाय ओरडणे आहेच. ससेक्स विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये २८ घोड्यांना रागावलेल्या आणि हसऱ्या माणसांच्या चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवली असता, रागीट चेहऱ्याकडे घोडे डाव्या डोळ्याने अधिक पाहू लागले आणि त्यांच्या हृदयाचे ठोके अधिक लवकर वाढले. नुसत्या चित्राने जर एवढा परिणाम होत असेल, तर कानाजवळ ओरडणाऱ्या माणसाचा किती होत असेल! काटेरी लगाम मात्र इथे कोणीही वापरत नाही. ओढकामाच्या व ओझ्याच्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या नियमांनी टोकदार लगामांना मनाई केलेली आहे, तरी यात्रेत ते अजून विकायला दिसतात, म्हणून हे मुद्दाम नोंदवते.

जागा पाहायला जाणाऱ्यांना माझी सूचना आहे की मालकाला आधी कळवून एकदा जावे आणि न कळवता पुन्हा जावे, आणि दोन्ही वेळा घोडे रिकामे उभे असतात त्या वेळेत, म्हणजे खुराकानंतर तासाभराने जावे. एखादा कान मागे गेला म्हणून जागा वाईट ठरत नाही आणि एखादा घोडा फुरफुरला म्हणून चांगली ठरत नाही. भावना क्षणाक्षणाला बदलतात, पण बऱ्याच घोड्यांत आणि वेगवेगळ्या वेळी तेच दिसत राहिले तर ते त्या जागेचे लक्षण असते. मोतद्दार मोरकी घेऊन आवारात शिरल्यावर घोडे त्याच्याकडे चालत येतात, जागेवर उभे राहतात की दूर सरकतात, एवढे जरी पाहिले तरी पुष्कळ कळते. घोड्यांच्या कल्याणाच्या २०१५ च्या युरोपीय मूल्यमापन पद्धतीतही घोडा आपण होऊन माणसाजवळ येतो का, ही चाचणी समाविष्ट आहे. इथल्या मोतद्दारांकडे बहुतेक घोड्या चालत येतात. रविवारी आलेल्या माणसांपासून त्याच घोड्या कुंपणाच्या दुसऱ्या टोकाला जातात.

तिन्ही दोष मी मालकांना सांगितले आणि त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले. वळू घोड्यांच्या रांगेबद्दल त्यांनी काही आश्वासन दिलेले नाही. रविवारी तंग आवळताना मोतद्दार हजर राहतील, असे ठरले आहे आणि सध्या तसे होते आहे. रात्रीचा जादा कडबा बारीक जाळीच्या पिशवीत भरून टांगायला ते तयार झाले, म्हणजे तो सावकाश खाल्ला जाऊन पहाटेपर्यंत पुरतो. त्याचा खर्च महिन्याच्या शुल्काव्यतिरिक्त आकारला जातो आणि पिशवी आपली आपण आणून द्यावी लागते. घोडी किंवा खच्ची घोडा ठेवायचा असेल आणि हा जादा खर्च परवडणारा असेल, तर ठाण रिकामे होईपर्यंत थांबण्यासारखी ही पागा आहे. माझ्या घोडीचे पुढच्या वर्षाचे ठाण मी तिथेच राखून ठेवले आहे.